माईक आपोआप जात नाही

पदवी वितरण समारंभात सगळ्यांच्या आधी येणारा आणि सगळ्यांच्या शेवटी जेवणारा माणूस म्हणजे साउंडवाला. अमरावतीत माझी साउंड सर्व्हिस आहे. तीस वर्षं झाली. लग्नं केली, गणपती केले, प्रचारसभा केल्या, पण माझा जीव रमला तो कॉलेजांच्या कार्यक्रमांत. तिथे नाचणारे कमी आणि बोलणारे जास्त. बोलणाऱ्याचा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत नीट नेणं हे नाचणाऱ्याला ठेका देण्यापेक्षा अवघड काम आहे, असं मी मानतो.

या अंकाच्या संपादकांनी फोन केला. म्हणाले, "विजूभाऊ, तुम्ही पदवीदानाची इतकी भाषणं ऐकली. पोरांच्या मनात राहणारं भाषण कसं असते, यावर लिहा."

मी म्हटलं, "साहेब, मी बारावी नापास माणूस. मले कोणी पदवी देल्ली नाही."

"म्हणूनच तुम्ही लिहा," ते म्हणाले. "ज्यांना मिळाली, ते तेव्हा झोपले होते."

तर मला जे दिसलं ते सांगतो. शेवटी एक कबुली द्यायची आहे. ती आधीच देऊन टाकावी असं सारखं वाटतंय, पण धंदा समजल्याशिवाय माझा गुन्हा समजणार नाही.

माझी जागा मंडपाच्या अगदी मागे. एक टेबल, त्यावर मिक्सर, बाजूला अ‍ॅम्प्लिफायर आणि पाण्याची बाटली. मिक्सर म्हणजे खटक्यांची पेटी. प्रत्येक माईकला एक सरकता खटका असतो, त्याला आम्ही फेडर म्हणतो. वर सरकवला की आवाज वाढतो, खाली आणला की कमी होतो. मागे बसल्यामुळे मला कुणाचे चेहरे दिसत नाहीत. दिसतात माना. काळे गाऊन घातलेल्या, घामाने ओल्या झालेल्या शेकडो माना. तीस वर्षं मी मानांवरून भाषणं ओळखली. मान खाली म्हणजे मोबाईल, मान डावीकडे म्हणजे मैत्रीण, मान मागे म्हणजे जेवणाचा मंडप.

लोकांना वाटतं, भाषण रंगलं की साउंडवाला आवाज वाढवत असेल. उलट आहे. भाषण पडलं की आवाज वाढवावा लागतो, कारण मंडपात कुजबुज सुरू होते, खुर्च्या करकरतात, बाया लेकरांना दटावतात. त्या सगळ्यावर पाहुण्यांना चढवत न्यावं लागतं. आणि भाषण लागलं की मंडप गप्प होतो. मग तोच आवाज कानाला जास्त वाटायला लागतो आणि माझं बोट आपोआप फेडर खाली घेतं. एकदा, दोनदा, कधी तीनदा. चांगल्या भाषणाची माझ्याकडे ही एकच मोजपट्टी आहे: मला आवाज किती कमी करावा लागला.

तीनदा कमी करायला लावणारे एक गुरांचे डॉक्टर होते, अकोल्याचे. त्यांच्या आधीच्या वक्त्यांनी 'तुम्ही देशाचं भविष्य आहात' हे इतक्यांदा सांगितलं होतं, की पुढच्या रांगेतलं भविष्य घोरत होतं. डॉक्टरसाहेब उठले. कागद नाही, काही नाही. म्हणाले, "नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी एका गायीला इंजेक्शन द्यायला गेलो. गायीनं मला गोठ्याच्या बाहेर फेकलं. मी उठून मालकाला म्हटलं, अहो, मी डिग्रीवाला डॉक्टर आहे. तर मालक म्हणे, साहेब, मले मान्य हाये, पण गायीले वाचता येत नाई."

मंडप हसला. आणि हसल्यावर गप्प झाला, हे महत्त्वाचं. नंतर त्यांनी सांगितलं, की मग ते आठ दिवस रोज त्या गोठ्यात जाऊन नुसते उभे राहायचे, गायीला आपली सवय व्हावी म्हणून. सहा-सात मिनिटांत बसले. परवा एका मेडिकलच्या दुकानात त्या वर्षीचा एक पोरगा भेटला. त्याला त्या दिवशीचे मुख्य पाहुणे कोण होते, ते आठवत नव्हतं. गाय आठवत होती.

पाहुणा स्वतः कुठे पडला, कुठे फेकला गेला, हे सांगायला लागला की माना वर येतात. तो आपण किती वर चढलो हे सांगायला लागला की खाली जातात. आणि ज्याला शेवटच्या रांगेत बसलेले आईबाप दिसतात, त्याचं भाषण कधी वाया गेलेलं मी पाहिलं नाही. पुढची रांग हारतुऱ्यांची असते. ऐकायला आलेली माणसं मागे असतात, माझ्या टेबलाला टेकून.

आता त्या गुन्ह्याकडे येतो.

आमच्याकडे कार्यक्रम वेळेवर सुरू होत नाही आणि सत्कार लवकर संपत नाहीत. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, पुन्हा शाल. त्यात कुणी वक्ता लांबला की आयोजक त्याला चिठ्ठी पाठवतात, 'कृपया आटोपते घ्यावे.' वक्ता ती वाचतो, हसतो, पाण्याच्या ग्लासाखाली ठेवतो आणि म्हणतो, "शेवटचा एकच मुद्दा." दुसऱ्या चिठ्ठीचंही तेच होतं. तिसरी चिठ्ठी वक्त्याकडे जात नाही. ती माझ्याकडे येते. त्यावर एकच शब्द असतो: 'आवरा.'

आणि मी माईक घालवायचो.

यात कसब होतं, आणि मला त्याचा अभिमान होता, हे लपवत नाही. एकदम बंद केला तर संशय येतो. आधी थोडी खरखर आणायची. मग आवाज दोनदा तुटू द्यायचा. मग घालवायचा. त्यानंतरचं काम नाटकाचं. तोंडावर काळजी घेऊन मंडपभर धावत जायचं, वायर हलवायची, माईकवर फुंकर मारायची, कपाळाला हात लावायचा, "सॉरी साहेब, सॉरी" म्हणत राहायचं. वक्ता दमून बसला की माईक सूत्रसंचालकाच्या हातात द्यायचा. त्याच्या हातात तो लगेच चालू व्हायचा. याचं आश्चर्य कधीच कुणाला वाटलं नाही. भुकेल्या माणसाला आश्चर्य वाटत नाही.

एकदाच फसलो. एक पुढारी होते, तालुक्याचे. त्यांचा माईक घालवला तर ते म्हणाले, "माईक गेला? बरं झालं, बेडी सुटली!" आणि स्टेजवरून खाली उतरून, पोरांमध्ये फिरून, नुसत्या गळ्यावर अर्धा तास बोलले. आयोजक माझ्याकडे असे पाहत होते, जसं काही त्यांचा गळाही मीच भाड्याने दिला होता.

हे सगळं मी गमतीने सांगायचो. दहा वर्षांपूर्वीपर्यंत.

मोर्शीकडच्या एका कॉलेजचा समारंभ होता. मुख्य पाहुण्यांना बडनेऱ्याहून गाडी पकडायची होती. विद्यार्थ्यांच्या वतीने एका मुलीचं मनोगत होतं, आणि नेहमीप्रमाणे ते सगळ्यात शेवटी ठेवलं होतं, म्हणजे उरलासुरला वेळ तिचा. तिचं नाव प्रज्ञा. विज्ञान शाखेत पहिली आली होती. तिची आई संत्र्याच्या शेडमध्ये प्रतवारीचं काम करायची. ढिगातून येणारी संत्री हाताने निवडून लहान, मोठी, डागी अशी वेगळी करायची. ती आई माझ्या टेबलाशेजारीच बसली होती. हिरवं लुगडं, हाताच्या बोटांवर संत्र्याचा पिवळेपणा. लेकीचं नाव पुकारलं तेव्हा मला म्हणाली, "भाऊ, मोठा करजा आवाज. पोरगी हळू बोलते."

पोरगी खरंच हळू बोलत होती. पण दोन मिनिटांत माझं बोट फेडर खाली घ्यायला लागलं. ती म्हणाली, की पहिल्या वर्षी एका पेपरात तिचे मार्क फार कमी आले. घरी रडत बसली. तेव्हा शाळेचं तोंड न पाहिलेल्या आईने तिला एक गोष्ट सांगितली, आणि त्यानंतर ती कधी मागे पडली नाही. "आई म्हणाली, पेपर हातात आला की आधी…"

तेवढ्यात चिठ्ठी आली. 'आवरा.'

ती लांबली नव्हती. लांबले होते ते आधीचे सगळे. मला 'नाही' म्हणता आलं असतं. कुणी माझा हात धरला नव्हता. पण चिठ्ठी आली की बोट चालायचं, इतकी सवय झाली होती. आणि खरं सांगायचं तर मलाही भूक लागली होती. खरखर. तुटला. गेला.

पुढारी गळ्यावर बोलले होते. ही मुलगी तशीच थांबली. हातातल्या कॉर्डलेस, म्हणजे बिनवायरच्या माईककडे पाहिलं, ओठ हलले, आणि ती खाली मान घालून जागेवर जाऊन बसली. वाक्य तिथेच राहिलं. मी धावत गेलो, कपाळाला हात लावला, "सेल बसला बाई, सेल" म्हणालो. सूत्रसंचालकांनी माईक घेतला आणि आभार सुरू झाले. आईच्या बाजूला परत येऊन बसायची माझी हिंमत झाली नाही, म्हणून मी उगाच स्टेजमागच्या वायरी गुंडाळत बसलो.

जेवणाच्या वेळी ती मुलगी मला शोधत आली. हातात कागदाच्या प्लेटमध्ये बुंदीचा लाडू. म्हणाली, "काका, मनाला लावून घेऊ नका. सेलचं काय, तुमच्या हातात थोडंच आहे?"

माझं नाटक इतकं चांगलं झालं होतं, की ती माझी समजूत घालायला आली होती. आणि मी तो लाडू खाल्ला.

त्यानंतर मी माईक घालवणं सोडलं, असं लिहायला आवडलं असतं. एकदम नाही सुटलं. पण चिठ्ठी आली की ते वाक्य कानात यायचं. आधी काय? पेपर हातात आला की आधी काय करायचं? देवाचं नाव घ्यायचं? पाणी प्यायचं? बायकोला विचारलं तर म्हणाली, "नाव लिहायचं असन." पण त्याने मार्क कसे वाढतील? एवढ्या कार्यक्रमांत एवढी भाषणं पूर्ण ऐकली, आणि मला हवं होतं ते एक मीच तोडलं होतं.

मागच्या वर्षी अकोल्याला जुन्या शहरातल्या एका कॉलेजचं काम मिळालं. सकाळी टेम्पोतून बॉक्स उतरवले, माईक तपासले. पाहुण्या आल्या. तालुका कृषी अधिकारी, तिशीतल्या बाई. स्टेजवर न जाता सरळ माझ्या टेबलाशी आल्या.

"काका, कॉर्डलेस आहे का? सेल नवीन टाकलेत?"

"आजच टाकले मॅडम."

त्यांनी पर्समधून दोन पेन्सिल सेल काढले. "तरी हे टाका. मी कुठेही बोलायला गेले की माझे सेल घेऊन जाते. मोर्शीकडे एकदा ऐनवेळी सेलनं दगा दिला होता."

तेव्हा मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. त्यांनी मला ओळखलं नव्हतं. मधल्या काळात माझे केस गेले आणि मिशी पांढरी झाली होती. मी सेल घेतले, माईक उघडला, माझे चांगले सेल काढून त्यांचे टाकले. एक सेल बोटांतून निसटून टेबलाखाली गेला, तो वाकून उचलला. "काय झालं काका?" "काही नाही मॅडम, शुगर आहे." आणखी एक खोटं. आत्ता सांगितलं तर भाषण बिघडेल, असं मी मनाला सांगितलं. ते अर्धंच खरं होतं.

त्यांचं भाषण सुंदर झालं. मध्यावर त्यांनी सेलची गोष्ट सांगितली. पदवीच्या दिवशी आपला आवाज कसा अर्ध्यात गेला, आपण कशा गप्प बसलो, आणि त्या दिवशी ठरवलं, की दुसऱ्याच्या सेलच्या भरवशावर बोलायला उभं राहायचं नाही, आपले सेल आपण न्यायचे. टाळ्या थांबेनात. पोरं उभी राहिली. मला तीनदा आवाज कमी करावा लागला होता. विदर्भातल्या किती कॉलेजांत त्यांनी ही गोष्ट सांगितली असेल, किती पोरांनी वहीत लिहून घेतली असेल, देव जाणे. आणि ती गोष्ट खोटी आहे, हे साऱ्या मंडपात एकट्या मला माहीत होतं.

चहा झाल्यावर त्या गाडीकडे निघाल्या. मी माईकमधले सेल काढून मागे गेलो. गाडीत त्यांची आई बसली होती, खिडकी उघडी टाकून, मांडीवर नाश्त्याची प्लेट. लुगड्याचा रंग वेगळा होता, बाकी तीच.

"मॅडम, तुमचे सेल."

"राहू द्या ना काका, तुम्हाला कामी येतील."

"नाही, घ्या. यांची गरज नव्हती," मी म्हणालो. "तेव्हाही नव्हती. मोर्शीले सेल गेला नव्हता. माईक म्या घालवला होता."

मग सगळं सांगितलं. चिठ्ठी, खरखर, नाटक. त्या ऐकत राहिल्या. शेवटी फक्त एवढंच म्हणाल्या, "मी तुम्हाला लाडू आणून दिला होता."

"हो. म्या खाल्ला."

यावर मला शिव्या चालल्या असत्या. पण त्या नुसत्या हातातल्या सेलकडे पाहत होत्या. खिडकीतून आईच बोलली.

"म्या तवाच म्हनलं होतं तुले! सेल गेला असता त मंग त्या सराच्या हातात थोच माईक कसा बोलला? पन तू म्हने, आई, तुले मशिनीतलं समजत नाई."

प्रज्ञा मॅडम आईकडे वळल्या. मग माझ्याकडे. आणि हसायला लागल्या. आधी थोडं, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "नऊ वर्षं, काका! नऊ वर्षं मी पर्समध्ये सेल घेऊन फिरून राहिली!"

मला हसणं जमत नव्हतं. मी म्हणालो, "मॅडम, मले एकच सांगा. आई म्हणाली, पेपर हातात आला की आधी… आधी काय?"

"तुम्हाला ते वाक्य आठवते?"

"थेच त आठवते."

उत्तर आईने दिलं. प्लेट बाजूला ठेवून, हवेत एक संत्रं धरल्यासारखा हात केला आणि मनगट फिरवलं. "उलटून पाह्य, म्हनलं होतं. इले मार्क कमी पडले, काहून की पेपरच्या मांगच्या पानावर दोन सवाल होते, अन् इनं पाह्यलेच नाई. म्या म्हनलं, बाई, आमी संत्रं हातात आलं का पयले उलटवतो. वरून सारेच चांगले दिसतात. मांगं काय हाये, थे पाह्य."

एवढंच होतं. नऊ वर्षांत मी मोठमोठी उत्तरं कल्पिली होती.

"आता माझं भाषण बदलावं लागेल," मॅडम म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात अमरावतीला आहे. खरं सांगू का तिथे? तुमचं नाव नाही घेणार."

अमरावती म्हणजे माझं गाव. माझी सगळी गिऱ्हाइकं तिथली. तिथे ही गोष्ट फुटली तर साउंडवाला म्हणून माझं काय राहणार, हा विचार मनात आला, खोटं कशाला बोलू? पण त्यांच्या नऊ वर्षांच्या सेलांपुढे माझा धंदा धरून बसायला तोंड नव्हतं. म्हटलं, "घ्या नाव. साउंड माझाच आहे तिथं."

अमरावतीच्या कार्यक्रमाला त्यांनी आयोजकांना एक अट घातली: विद्यार्थ्याचं मनोगत आधी, पाहुण्यांचं नंतर. मग त्या बोलायला उभ्या राहिल्या. सेलची गोष्ट सांगितली, पण या वेळी पूर्ण, चिठ्ठीसकट. वाक्यही पूर्ण केलं, आईच्या शब्दांत. म्हणाल्या, "मी नऊ वर्षं सेलला दोष दिला, कारण मीसुद्धा उलटून पाहिलं नाही. ज्याने माझा आवाज बंद केला, त्यानेच स्वतः येऊन सांगितलं. तो माणूस इथेच आहे. माझा आवाज आत्ताही त्याच्याच हातात आहे."

टाळी पडली नाही. अकोल्याला जिथे मंडप उठला होता, तिथे इथे पंखे ऐकू येत होते. आवाज जास्त वाटायला लागला, म्हणून मी फेडर खाली घेतला. तेच बोट, तीच हालचाल. आणि त्याच वेळी सगळ्या माना वळल्या. तीस वर्षं मी माना पाहिल्या होत्या. त्या दिवशी पहिल्यांदा चेहरे दिसले. मी उभा राहिलो. काय करावं कळेना, म्हणून हात जोडले. पहिली टाळी माझ्या टेबलाजवळ बसलेल्या त्यांच्या आईने वाजवली.

धंदा बुडेल ही भीती फुकट गेली. जेवताना दोन कॉलेजचे लोक वेगवेगळे माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "विजूभाऊ, तुमच्याकडे ती सोय आहे, हे माहीत नव्हतं. आमच्याकडे फेब्रुवारीत कार्यक्रम आहे." मी त्यांना म्हटलं, साउंड देतो, सोय बंद झाली.

त्यातल्याच एकाकडे या फेब्रुवारीत गेलो होतो. सत्कार लांबले, पाहुणे लांबले, आणि दुपारी दोनला एका मुलीला मनोगतासाठी उभं केलं. भाषण तसं बेताचंच होतं. ती अडखळत होती, 'आणि' म्हणून थांबत होती, पुन्हा 'आणि' म्हणत होती. माना जेवणाच्या मंडपाकडे वळल्या होत्या. मागच्या रांगेत एक माणूस मात्र खुर्चीच्या टोकावर बसून, ओठ हलवत, तिच्यासोबत एकेक शब्द म्हणत होता. बाप असावा.

शिपाई चिठ्ठी घेऊन आला. 'आवरा.'

मी ती उलटून पाहिली. मागची बाजू कोरी होती. खिशातून पेन काढून लिहिलं, 'तिचं अजून झालं नाही,' आणि चिठ्ठी परत पाठवून दिली.